मोटोक्रॉस गाडीचं पासिंग होत नाही म्हणजे नाही, आणि का होत नाही ते वाचा

"लाइट लाव, हॉर्न लाव, दोन आरसे टाक, नंबर घाल आणि फिरव" असं माझ्या मोटोक्रॉस गाडीबद्दल, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर रेस खेळायच्या बाइकबद्दल, आता परत कुणी सांगितलं ना तर खरंच भांडण होईल. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा कुठला तरी व्हिडिओ बघायचा, तिथं डर्ट बाइकला आरसा हॉर्न टेललाइट लावून प्लेट मिळते, आणि मग मला शहाणपण शिकवायला यायचं. अरे बाबांनो ते तिकडं होतं, आपल्याकडं नाही होत. सामानाचा प्रश्नच नाहीये. स्टेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, फक्त इग्निशन आणि पेट्रोलच्या इंजेक्शनपुरता करंट देतो, तर त्याची कॉइल नव्याने भरून घेता येते, हेडलाइट बसतो, इंडिकेटर बसतात, स्पीडोमीटर बसतो, सगळं बसतं. पण बसवलेलं सामान तपासून "हो, ही पास" म्हणायचा अधिकार असलेला एकही माणूस सरकारने ठेवलेला नाही!

माझी गाडी कावासाकीची केएक्स २५०. ही फक्त ट्रॅकसाठी हे घेतानाच माहीत होतं, बिलावर पण स्वच्छ लिहिलंय, मान्य आहे. मला ती घेऊन गोव्याला जायचं नाही. मातीसाठीचे गाठीगाठीचे नॉबी टायर डांबरावर घासायची मला हौस नाही, या इंजिनाची सर्व्हिस किलोमीटरवर नाही तासांवर मोजतात आणि त्यातला एकेक तास मला मातीतच घालवायचाय. मला फक्त घरापासून गावाबाहेरच्या माळापर्यंत, जिथं जागामालकाला विचारून आम्ही ट्रॅक केलाय, तिथपर्यंत कायद्याने जायचंय आणि परत यायचंय. बस एवढंच. रोड टॅक्स घ्या, इन्शुरन्स काढतो, स्पीड ठरवून द्या, रात्री चालवू नको म्हणा, सगळं कबूल आहे, पण घ्यायलाच कुणी तयार नाही.

आरटीओत गेलो तर खिडकीवरच्या मॅडमनी पहिलंच विचारलं, फॉर्म २२ कुठाय. म्हणजे ही गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे, प्रदूषणाच्या नियमात बसते, असं कंपनीने द्यायचं सर्टिफिकेट. कंपनी ते देणार कसं, रोडसाठी ही गाडी मंजूरच करून घेतलेली नाही त्यांनी. मग मॅडमनी मॉनिटर माझ्याकडं वळवून दाखवला. 'वाहन' नावाच्या सरकारी नोंदणी सिस्टीममध्ये आधी कंपनी निवडायची, मग खाली मॉडेलची यादी उघडते, त्यात हे मॉडेलच नाही. त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवून दाखवली यादी आणि म्हणाल्या, "यात नाव असल्याशिवाय मला पुढचं पानच उघडत नाही दादा." त्या नीट बोलल्या, त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो ज्यांनी ही पद्धत बनवली आणि त्यात सामान्य माणसाला कुठंच जागा ठेवली नाही त्यांच्यावर.

म्हटलं ठीक आहे, टेस्ट करून आणतो. तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १२६ वाचा. टेस्ट करणाऱ्या संस्था दिल्यात, पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई, मानेसरचं आयकॅट. पण तिथं नमुन्याची गाडी द्यायची कुणी, तर बनवणाऱ्याने नाहीतर आयात करणाऱ्याने. ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याने काय करायचं यावर एक ओळ नाही. आणि ही सगळी सिस्टीम हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी, प्रदूषणाच्या बीएस ६ नियमापासून ते २०१७ पासूनच्या आपोआप पेटणाऱ्या हेडलाइटपर्यंत. एका माणसाच्या एका गाडीला तिथं कोण विचारतंय.

ब्रिटनमध्ये बघा, मोटरसायकल सिंगल व्हेइकल अप्रूव्हल म्हणून टेस्ट आहे, तुमची एक गाडी घेऊन जा, लाइट ब्रेक आवाज सगळं तपासतात, नापास झालात तर काय कमी आहे ते सांगतात, दुरुस्त करून परत या. मला पास करा असं मी म्हणतच नाहीये, मला निदान नापास तरी करा!

आणि आपल्याकडं असं काही जमणारच नाही हे मला सांगू नका. सीएनजी किट मंजूर असलं की आरसीवर चढतंच ना? पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने स्पेशल नियम काढले, व्हीए नावाची वेगळी सिरीज दिली, आणि त्या गाड्या रस्त्यावर कशासाठी काढायच्या तेही लिहून दिलं, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, तिथं जाणं आणि येणं. मला दुसरं काय पाहिजे? हेच तर पाहिजे. विंटेजवाल्यांना मिळालं याचा आनंदच आहे, पण मग खेळणाऱ्या पोरांनी काय घोडं मारलंय?

बरं, कायदा आमच्यासाठी नाहीच म्हणावं तर दंड मात्र आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ म्हणतं बिना पासिंग सार्वजनिक जागी चालवायची नाही, चालवली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० पर्यंत, परत सापडलात तर १०,००० पर्यंत, इन्शुरन्स नसल्याचे २,००० वेगळे. आयात करताना कस्टम ड्युटी घेतली, विकताना जीएसटी घेतला, तेव्हा हीच गाडी बरोबर सापडली तुम्हाला.

म्हणून दर रविवारी छोटा हत्ती. आम्हाला माळ चढता येतो पण त्याच्या पायथ्यापर्यंत जायला टेम्पोवाल्याच्या हातापाया पडायचं, त्याचं लग्नाचं भाडं लागलं की आमचा रविवार गेला. पुढचा फोर्क दाबून पट्ट्यांनी आवळायचा, आवळताना एकाने हँडल धरायचं, आणि एवढं करून नाक्यावर पोलीस टेम्पो थांबवतात, "नंबर नाही, चोरीची आहे का?" तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतलं बिल काढून दाखवायचं, दर वेळी तेच. बालेवाडीला २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीगची, म्हणजे स्टेडियममध्ये मातीचा ट्रॅक करून अशाच गाड्यांच्या शर्यतींची, पहिली रेस झाली, सगळ्यांनी कौतुक केलं, पण तिथं पोचायला पोरं प्रॅक्टिस कशी करतात हे कुणी विचारलं का?

पासिंग होणारी हीरोची एक्सपल्स २०० घे म्हणणारे पण भेटतात. चांगली गाडी आहे, माझ्या मित्राकडं आहे. पण ती १६० किलोच्या आसपास, ही ११० च्या आत. तिचा पुढचा सस्पेन्शन ट्रॅव्हल १९० मिलिमीटर, हिचा ३०० च्या वर. टेबलटॉपवरून, म्हणजे ट्रॅकवरच्या सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून, उडी मारून उतरताना हा फरक मणक्याला कळतो.

मग उरतो एजंट. भंगारातल्या जुन्या गाडीचं आरसी बसवून देतो, चेसिस नंबर घासून नवीन पंच मारतो, कुणाला कळत नाही म्हणे. उद्या कुणाला धक्का लागला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करणार, आणि ज्याचा पाय मोडला त्याची भरपाई कोण देणार? सरळ मार्गच नाही म्हणून ही असली दुकानं चालतात, आणि ज्यांनी तसले नंबर मारलेत ते बिनधास्त गावातून फिरतात, आम्ही टेम्पोची वाट बघत बसतो.

मी परिवहन आयुक्तांना आणि दिल्लीच्या मंत्रालयाला पत्र लिहितोय. मागणी एकच, व्हीएसारखी वेगळी सिरीज, एका गाडीची तपासणी, ट्रॅकपर्यंत जायची यायची परवानगी, थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा. ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांनी स्वतःच्या नावाने असंच पत्र पाठवा, मजकूर लागला तर मी देतो. आणि "आपला माणूस आहे आरटीओत, काम करून देतो" असले मेसेज मला टाकू नका.