खेचू नको, सोरव

सकाळपासून डोकं भणभणतंय. लिहिल्याशिवाय शांत व्हायचं नाही, म्हणून बसले.

सव्वानऊच्या सुमारास आमची बस ठाणे खाडीवरच्या ऐरोली पुलावर नेहमीसारखी अडकलेली. पुढे एक गाडी कडेला थांबली. एक गृहस्थ उतरले, सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. हातात निर्माल्याची पिशवी, साडीच्या दुकानात मिळते तसली जाड प्लास्टिकची. वर झेंडूची फुलं, एका बाजूने जुन्या तसबिरीची चौकट बाहेर आलेली. गृहस्थांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि पिशवी दिली खाडीत भिरकावून. मी खिडकीतूनच ओरडले, "अहो, इथून पुढे अभयारण्य आहे!" त्यांनी वर पाहिलं. ना राग, ना लाज. म्हणाले, "रविवारी येतात ना साफ करणारे. काढतील."

बस सुटली. मी ऑफिसला पोहोचले, कामाला लागले, पण ते 'साफ करणारे' काही कानातून जाईना.

तीन वर्षांपूर्वी मीही दर रविवारी खाडीतला कचरा काढणाऱ्या त्या मंडळींना असंच काहीतरी समजत होते. मैत्रिणीच्या आग्रहाने पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, हातमोजे घालायचे, तासभर बाटल्या गोळा करायच्या, घरी यायचं. ओहोटी लागली होती. पोटरीपर्यंत चिखल. तिवराच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनातल्या, झाडाखाली मला एक साडी दिसली. हिरवी, जरीचा काठ असलेली, अर्धी गाळात रुतलेली. मी पदराचं टोक धरलं आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. कट्कन आवाज आला. मला वाटलं, निघाली.

तेवढ्यात मागून कोळीवाड्यातल्या मावशी आल्या. साठीच्या पुढच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, त्या चिखलात अंगणात चालावं तशा चालत होत्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "खेचू नको गो बाय. हलू हलू सोरव." सोरव म्हणजे सोडव.

मी खाली पाहिलं. साडीबरोबर चार-पाच मुळं तुटून आली होती.

त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. तिवराची मुळं गाळातून पेन्सिली रोवल्यासारखी सरळ वर येतात. भरतीच्या गाळात हवा नसते, म्हणून झाड आपलं नाक असं बाहेर काढून ठेवतं. श्वासमुळं म्हणतात त्यांना. एका मोठ्या झाडाभोवती ती हजारोंनी असतात. त्यातल्या कितीतरी मुळांवर ती साडी भरतीच्या पाण्याने घट्ट गुंडाळली गेली होती. मावशी एकेका मुळाभोवतीची घडी बोटाने उकलत होत्या, लहान पोरीच्या केसांतला गुंता सोडवतात तशी. सहावारी साडी निघायला आम्हा दोघींना पावणेदोन तास लागले, आणि तोवर पाणी परत चढायला लागलं होतं.

एक साडी, पावणेदोन तास. त्या गृहस्थांच्या पिशवीत फुलं होती, तसबीर होती, बहुतेक देवाचं वस्त्रही असेल. 'काढतील' म्हणाले. कोण काढणार आणि कसं, ते त्यांनी एकदा येऊन बघावं.

प्लास्टिक आणि कपडा तसाच राहिला तर काय होतं, तेही ऐका. वर गाळ बसतो, मुळं बुजतात, झाड आतल्या आत घुसमटतं. आधी पानं पिवळी पडतात, मग फांद्या वाळतात. कुणीही कुऱ्हाड लावलेली नसते, त्यामुळे गुन्हाही दिसत नाही. वर्षभराने कुणीतरी म्हणतं, इथली झाडं तर मेलेलीच आहेत, मग भराव टाकला तर काय बिघडलं? रात्री डंपर येतात. सकाळी राडारोड्याचा ढीग दिसतो, टाकणारा कधीच दिसत नाही. हे सगळं तुम्हा मंडळींना मी वेगळं सांगायला नको.

आणि मग लोक म्हणतात, हे पर्यावरणवाले प्रत्येक गोष्टीला आडवे येतात. आले आडवे, म्हणून तर खाडी उरली! संस्था कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं तारखांना उभ्या राहिल्या, म्हणून २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा जवळपास १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडी रामसरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. प्रत्येक कागदामागे कुणीतरी चिखलात उभं राहून फोटो काढलेत, तक्रारी लिहिल्यात, धमक्या ऐकल्यात.

हो, रविवारी नुसते सेल्फीसाठी येणारेही असतात. मान्य. हो, शहरातलं सांडपाणी नीट शुद्ध होत नाही तोवर हाताने कचरा उचलून खाडी बरी होणार नाही, हेही मान्य. ज्या फ्लेमिंगोंचे फोटो आपण कौतुकाने टाकतो, ते इथे ज्या शेवाळावर जगतात त्याला आपल्याच सांडपाण्याने खतपाणी मिळतं, असंही जाणकार सांगतात. म्हणून काय पिशव्या टाकायच्या?

आता मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त शिकवलं तिच्याकडे येते. आमच्या गटाने सुरुवातीला एका उघड्या पट्ट्यात रोपं लावली होती. पिशव्यांमधून वाढवलेली, रांगेत, काठ्या रोवून. फार छान दिसत होती. सहा-सात महिन्यांत सगळी गेली. मी अक्षरशः रडले होते. कोळीवाड्यातले एक दादा येऊन नुसते उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, इथे पाणी फिरतच नाही तर झाड कसं धरेल? भरावाच्या खाली एका छोट्या नाल्याचं तोंड बुजलं होतं. भरतीचं पाणी आत येत नव्हतं, आलेलं बाहेर जात नव्हतं. उन्हाने गाळ तापायचा, मीठ वर यायचं.

मग परवानगीसाठी खेटे. ते लिहायला घेतलं तर पोस्ट संपणार नाही. शेवटी वनरक्षकांच्या देखरेखीखाली फावडी-घमेली घेऊन ते तोंड मोकळं केलं. बाकी काही केलं नाही. एकही रोप लावलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भरतीबरोबर तिवराच्या बिया वाहत आल्या, वालाच्या दाण्यासारख्या चपट्या, हिरव्या. गाळात टेकल्या आणि त्यांनी मूळ धरलं. आज तिथे माझ्या कमरेएवढी झाडं आहेत. खेकड्यांची बिळं आहेत. निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे छोटे मासे, पाण्याबाहेर येऊन उड्या मारत असतात. मी त्या दिवशी मावशींना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तेच तं सांगतं, खेचू नको, सोरव."

साडीच्या वेळी मला वाटलं होतं त्या फक्त साडीबद्दल बोलतायत.

मावशींसाठी हे काही समाजकार्य नाही. त्यांच्या सासऱ्यांपासून घर या खाडीवर चाललं. कांदळवनाच्या मुळांमध्ये कोळंबीची पिल्लं वाढतात, जिताड्याची वाढतात, चिंबोऱ्या मिळतात. त्या सांगतात, पूर्वी एका भरतीला टोपली भरायची, आता जाळ्यात आधी प्लास्टिक येतं, मग मासळी. जाळं फाटलं तर पैसे कोण देतं? कुणीच नाही. तरी रविवारी त्या आमच्याबरोबर असतात आणि आम्ही शिकलेल्या बायका कुठे पाय ठेवायचा हे त्यांना विचारतो. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तेव्हा त्यात टीशर्टवाले पुढे आणि मावशी कडेला, कधी अर्ध्या कापलेल्या. याचाही मला राग येतो. आज सगळ्याचाच येतोय.

आणि २६ जुलै विसरलो का आपण? २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नद्या-नाले आक्रसलेले, भरतीची वेळ. पाण्याला जायला जागाच नव्हती. त्या रात्री माझा भाऊ कमरेएवढ्या पाण्यातून कुर्ल्याहून चालत आला होता. पाणी पसरायला मोकळी जागा म्हणजे काय, हे ज्यांनी ती रात्र काढली त्यांना तरी समजायला हवं.

मघाशी लिहायला बसले तेव्हा त्या गृहस्थांना चार शब्द सुनवायचे होते. खरं तर त्यांनी श्रद्धेनेच टाकलं. घरचं निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकायला मन धजत नाही, माझ्या आईचंही धजत नसे. ती तुळशीखाली पुरायची. त्यांच्याकडे अंगण नसेल. पण निर्माल्याचे कलश ठेवलेले असतात, आणि निदान पिशवी तरी काढून घ्यायची होती हो.

मला आठवतोय तो मुलगा. वडील गाडीत बसले तरी तो कठड्याला टेकून खाली बघत होता. पिशवी पडली तिथून एक बगळा उडाला होता, त्याच्यामागे त्याची नजर चालली होती. वडिलांनी दोनदा हाक मारली तेव्हा हलला.

त्या मुलाला निवटी दाखवायला मिळाली असती तर फार बरं झालं असतं. मासा चिखलावर चालतो हे त्या वयात पाहिलेलं पोर विसरत नाही.

रविवारी ओहोटी सकाळी लवकर आहे, आम्ही सव्वासहाला निघतोय. घरात लहान मुलं असतील तर घेऊन या. पायात घट्ट बसणारे जुने बूट घाला, चपला चिखल ओढून घेतो. मावशी आहेत. कुठे पाय ठेवायचा ते त्या सांगतील.