पायाची बोटं मोडा, परलोक उघडा

भावंडांनी मिळून जगाला गंडवायचं ठरवलं असेल तर भांडवलाची चिंता सोडा. एक सफरचंद आणि हातभर दोरी पुरे. 1848 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी मॅगी आणि केट या फॉक्स बहिणींचं मेलेल्यांशी बोलायचं दुकान यावरच उघडलं. एक 14-15 वर्षांची, दुसरी 11-12 ची.

देठाला दोरी बांधायची, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सफरचंद वर ओढायचं आणि लाकडी जमिनीवर सोडायचं. धप्प! (हा प्रयोग फ्लॅटमध्ये करू नये, खालचे काका भुताआधी वर येतात.) पण दोरी सापडली की खेळ खलास, म्हणून लवकर पायाच्या बोटांवर या. अंगठा लाकडाला टेकवा आणि पाय न हलवता सांधा मोडा. आवाज मोठा करायचं काम लाकूड बघतं. सराव बालवयातच हवा, 12 वं वर्षसुद्धा उशिराचं, असं मॅगीच पुढे सांगून गेली. आवाज कुठून आला याची फिकीर नको. तुम्ही भेदरून भिंतीकडे बघा, बाकीचे भिंतीलाच कान लावतील.

पहिलं गिऱ्हाईक घरातलंच धरा. 31 मार्चच्या रात्री आईनं ‘आत्म्या’ला आपल्या मुलांची वयं विचारली. एकेकाच्या वयाइतकी टकटक झाली. शेवटी लांबलचक शांतता, आणि मग तीनच ठोके. तिसऱ्या वर्षी वारलेलं शेंडेफळ! आई हादरली. ही वयं घरातल्या पोरींनाही पाठ असणार, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. उद्या एप्रिल फूल आहे, असं केट त्याच रात्री बोलून गेली, तरीही नाही.

पाहुणे वाढले की मुळाक्षरं काढा. गिऱ्हाइकालाच एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायला लावा. हव्या अक्षरापाशी त्याचा आवाज आपसूक अडखळतो. तिथं टक्! वाटीवर बोट ठेवून प्लँचेट करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

हिशेबाला थोरली बहीण हवी. नोव्हेंबर 1849 मध्ये थोरली लीआ मॅगीला घेऊन रॉचेस्टरच्या कॉरिंथियन हॉलच्या मंचावर उभी राहिली. तिकीट 25 सेंट.

डॉक्टरांपासून मात्र जपा. 1851 मध्ये बफेलोच्या तिघांनी बहिणींचे पाय लांब करून टाचा उशांवर ठेवायला लावल्या. परलोक चिडीचूप. अशा वेळी गांगरू नका. एवढ्या कठोर वागणुकीनं आत्मे निघून गेले, असं लीआनं सांगितलं तसं सांगा.

खरी पंचाईत दुकान बंद करताना होते. 21 ऑक्टोबर 1888 रोजी न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये मॅगीनं बूट काढला, छोट्या लाकडी स्टुलावर पाय ठेवला आणि भरल्या नाट्यगृहाला ठोके ऐकवून सारी फसवणूक कबूल केली. डॉक्टरांनी मंचावर चढून अंगठा तपासला. भक्त म्हणाले, बाई दारूत आहे, पैशांसाठी बोलतेय. पुढल्या वर्षी तिनं कबुली मागं घेतली. तेव्हा मात्र ती अगदी शुद्धीवर होती म्हणे.