पोट फुगलं की गॅसच?

आठवडाभरात चार ग्रुपांवरून एकच मेसेज आला: पोट दुखून फुगलं तर तो गॅसच, गरम पाण्यातून ओवा, हिंग, सैंधव घ्या, अर्ध्या तासात दुखायचं थांबलं की गॅसच होता, वारा अडकला असेल तर दुप्पट घ्या, सोनोग्राफीच्या नादी लागू नका. मी सर्जन आहे, आणि हे वाचून मला धास्ती वाटली.

'थांबलं म्हणजे गॅस होता' हे त्यातलं सगळ्यात घातक. अपेंडिक्सला सूज आली की बहुतेकदा आधी बेंबीभोवती दुखतं, अन्नावरची वासना उडते. काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली उतरतं, कारण सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडलेली असते. मग खोकलं तरी तिथे कळ उठते. अपेंडिक्स फुटलं तर आतला दाब जातो आणि थोडा वेळ बरंही वाटतं. नेमकं त्याआधी ओव्याचं पाणी घेतलेलं असेल, तर घरचे निर्धास्त झोपतात. म्हणून मी 'आत्ता कुठे दुखतंय' याआधी 'सुरुवात कुठे झाली' हे विचारतो.

फुगणंही एका जातीचं नसतं. पन्नाशीच्या एक बाई कित्येक महिने गॅसच्या गोळ्या घेत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "परकराची नाडी पुरेना झालीय, आणि चार घासांत पोट भरतं." हातपाय मात्र वाळलेले. उताणं झोपवून पोटावर बोटाने ठोकलं: मध्ये पोकळ आवाज, दोन्ही कुशींना बद्द. एका कुशीवर वळवलं, तर वर आलेल्या कुशीतला बद्दपणा गेला. आत पाणी होतं, ते खालच्या बाजूला सरकलं होतं. ते लिव्हरमुळे, टीबीमुळे की अंडाशयाच्या कॅन्सरमुळे, हे हाताला कळत नाही. सोनोग्राफी, पाण्याची तपासणी, शेवटी दुर्बिणीतून तुकडा काढून तपासणं, असं करत टीबी निघाला. औषधांनी पोट उतरलं.

सोनोग्राफीत सगळं दिसत नाही, हे खरं. सुजलेलं अपेंडिक्सही कधी सापडत नाही. तेव्हा पेशंटला काही तासांनी पुन्हा तपासायचं, नाहीतर सीटी करायचा.

पन्नाशीपुढच्या माणसाला बेंबीच्या वर दुखून घाम फुटला तर आधी ईसीजी; हार्ट अटॅक असाही येतो. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात दुखलं तर गर्भ नळीत राहिलाय का, ते लगेच पाहायचं.

आणि ते 'दुप्पट घ्या'. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, संडास नाही, वाराही सरत नाही, तर आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा तोंडाने काही देऊ नका, ओव्याचं पाणीसुद्धा नाही. त्याच रात्री सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या.