"काका, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल"

हे वाक्य माझ्या बाबांना ऐकवलं गेलं, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराकडून, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. आठवडा झाला तरी माझा संताप उतरत नाहीये.

बाबांचा लॅपटॉप 2018 चा. सोसायटीचे हिशोब तेच बघतात आणि 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे हे दिवस म्हणजे त्यांची नुसती धावपळ. जुनी हार्ड डिस्क 5400 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 5400 फेरे घेणारी, संथ. चालू करून चहा टाकला, तर चहा उकळून गाळून व्हायचा तरी डेस्कटॉप यायचा नाही. म्हणून मीच म्हटलं, एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाकून घ्या, सगळं होतं तसं राहील. दुकानदारानेही तेच सांगितलं. 480 जीबीची एसएसडी, जुन्या डिस्कचं क्लोनिंग (म्हणजे हुबेहूब नक्कल) आणि मजुरी, सगळ्याचे पैसे आधी घेतले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालूच होईना. काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत "नो बूटेबल डिव्हाइस", म्हणजे विंडोज सुरू करता येईल अशी डिस्कच सापडत नाही. दुकानदाराने बाबांसमोर जुनी डिस्क परत लावून बघितली, तीही चालेना. झालं! लगेच निकाल लागला : मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील. आणि वर ते वाक्य. बाबा घरी आले ते चेहरा पाडूनच. मला म्हणाले, "मी खरंच काही दाबलं का रे?" एकतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, एका पैशाचा फरक पडला तर रात्री उशिरापर्यंत बसून शोधणारा. त्याला असं गुन्हेगार करून घरी पाठवायचं?

मी लॅपटॉप आणि दोन्ही डिस्क उचलून आणल्या. खालचं झाकण काढायला गेलो तर एका स्क्रूचं डोकं पार गोल झालेलं. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर घालून नुसता रगडलाय. तिथेच समजलं, पुढे काय वाढून ठेवलंय ते.

एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. एसएसडी तिथे व्यवस्थित दिसत होती, नावासकट, आकारासकट. म्हणजे जोडणी ठीक, डिस्क ठीक. मग बूट मोड, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याची पद्धत, बघितला तर "लेगसी", म्हणजे जुनी पद्धत! हा लॅपटॉप पहिल्या दिवसापासून यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीवर चालणारा. मोड त्यानेच बदलला होता, "करून बघू" म्हणून, आणि तसाच ठेवून दिला. जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवरचं विंडोज लेगसीमध्ये चालूच होत नाही. म्हणून जुनी, धडधाकट डिस्कसुद्धा त्याच्याकडे चालली नाही! मी मोड परत यूईएफआय केला, जुनी डिस्क लावली आणि विंडोज आलं. साडेसहा हजारांचा मेलेला मदरबोर्ड एका सेटिंगने जिवंत झाला.

पण एसएसडी अजूनही ठप्पच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेन ड्राइव्ह तयार केला. त्यातल्या स्टार्टअप रिपेअर या आपोआप दुरुस्ती करणाऱ्या सोयीने बराच वेळ गोल गोल फिरवून हात वर केले. मग व्हिडिओ बघायला लागलो. ज्याच्या-त्याच्या व्हिडिओत तोच मंत्र, "बूटरेक फिक्सबूट" ही बूट दुरुस्त करायची कमांड. टाइप केलं की उत्तर, "ऍक्सेस इज डिनाइड", म्हणजे परवानगी नाही. खाली शेकडो लोक रडतायत की आमचंही असंच होतंय, आणि व्हिडिओवाला एकालाही उत्तर देत नाही. अरे, जे चालत नाही ते शिकवता कशाला?

शेवटी शिफ्ट आणि एफ-टेन दाबून कमांडची काळी खिडकी उघडली आणि डिस्कपार्ट या कमांडने एसएसडीवरच्या पार्टिशनची, म्हणजे भागांची, यादी मागवली. एकच ओळ आली. एकच! जुन्या डिस्कवर सी आणि डी यांच्याशिवाय 100 एमबीचं एक छोटं ईएफआय पार्टिशन होतं. एक्सप्लोररमध्ये ते दिसत नाही, पण लॅपटॉप चालू झाल्यावर विंडोज कुठे आहे हे त्यातूनच कळतं. जुनी डिस्क 1 टीबीची, नवी 480 ची. सगळं मावत नाही म्हणून या पठ्ठ्याने नुसतं सी कॉपी केलं आणि त्याला क्लोनिंग म्हटलं. घर हलवलं आणि दाराची किल्ली जुन्या घरातच ठेवली.

पुढचं काम दहा मिनिटांचं. सी थोडं आकसलं, मोकळ्या जागेत 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन केलं, ते फॅट-32 या प्रकारात फॉरमॅट करून त्याला एस हे अक्षर दिलं आणि बीसीडीबूट या कमांडने सी मधल्या विंडोजवरून बूटच्या फायली एस वर लिहिल्या. पेन ड्राइव्ह काढून चालू केलं. वीस सेकंदांत बाबांचा डेस्कटॉप, त्यावर नातीचा फोटो.

आता ज्याने माझी खरी तळपायाची आग मस्तकात गेली ते सांगतो. दुकानदार बाबांना म्हणाला होता, "जुनी डिस्क इथेच ठेवून जा, पाचशे रुपये कमी करतो." डी ड्राइव्हची कॉपी त्याने केलीच नव्हती. सोसायटीची सहा वर्षांची व्हाउचर्स, आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो, सगळं त्या डी वर. बाबांनी नाही म्हटलं म्हणून वाचलं. हो म्हटलं असतं तर पाचशे रुपयांत सगळं गेलं असतं आणि आम्हाला महिन्याभराने कळलं असतं!

मी दुकानात जाऊन लॅपटॉप काउंटरवर चालू करून दाखवला. मजुरी परत मागितली तर म्हणे, "सर्व्हिस चार्ज रिफंड होत नाही, आणि चालू आहे ना आता?" मी म्हटलं, पैसे राहू द्या, माझ्या वडिलांना फोन करून सांगा की चूक तुमची होती. त्याने मान खाली घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मोबाइल हातात घेतला.

फोन आलेला नाही. काल बाबांनी लॅपटॉप उघडला, पॉवरच्या बटणावर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीत मला हाक मारली, "दाबू ना रे?"