फाईल बापाच्या काखेत, पोरगं मोबाइलमध्ये

बारावीच्या लेकराला एक प्रश्न विचारून बघा. तुझ्या आधारला मोबाइल नंबर कोणाचा जोडलाय? बहुतेक वेळा उत्तर येतं, "पप्पाचा." आणि पप्पा शेतात असतात, तिथं रेंज नसते. ओटीपी येतो, दहा मिनिटांनी मरतो. मागं रांग खोळंबते.

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं ई-सेवा केंद्र आहे, तहसीलपासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात निकाल लागला की आमचा हंगाम सुरू होतो, तो पार सप्टेंबरपर्यंत. खुर्चीवर बाप बसतो, काखेत प्लास्टिकची फाईल. पोरगं मागं उभं, डोळे मोबाइलमध्ये. मी पोराला विचारते, जन्मतारीख काय रे तुझी? उत्तर बाप देतो. कुठल्या कोर्सचा फॉर्म? "त्याला काय विचारूलालाव ताई, त्याला काय कळतंय त्यातलं? मी सांगतो ना." आणि दोन महिन्यांनी हेच लेकरू पुण्यात कॉट बेसिसवर तिघा अनोळखी पोरांच्या खोलीत एकटं राहणार असतं.

मार्कांची तयारी कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं ते उगाच नाही. दोन वर्षं लेकरू घराबाहेर ठेवायचं, पहाटे उठवायचं, टेस्टवर टेस्ट. लोक म्हणतात, आमचं पोरगं सोळाव्या वर्षापासून बाहेर राहिलंय, त्याला सगळं जमतं. मला हे पटत नाही. हॉस्टेलवर उठवायला माणूस, जेवायला मेस, कपड्याला लाँड्री, फी भरायला बाप. गाव सोडून राहणं आणि स्वतःच्या जिवावर राहणं, यात फार अंतर आहे. पोरं आळशी आहेत असंही मी म्हणणार नाही. आपण फाईल सोडत नाही, हे खरं कारण आहे.

त्या फाईलमध्ये काय असतं ते आधी सांगते. टीसी, मार्कमेमो, जातीचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, ज्यांना लागतं त्यांचं नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही असा दाखला, आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात वैधता, जातीचा दाखला तपासून खरा ठरवणारा कागद, जिला सगळे नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो, नॉन-क्रिमिलेअर उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीनं, व्हॅलिडिटी जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून. तीन कागद, तीन दारं. व्हॅलिडिटीसाठी ओबीसीला 1967 च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला 1950 च्या आधीचा. आपल्याकडं त्या काळच्या बऱ्याच नोंदी निजामाच्या अमदानीतल्या, उर्दूत नाहीतर मोडीत. त्या वाचणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात. त्यात आधारवर ज्ञानेश्वर आणि टीसीवर माऊली निघाला, तर मग बघायलाच नको.

हे सगळं अकरावी-बारावीतच उरकायचं असतं, कारण प्रवेशाच्या फेऱ्या व्हॅलिडिटीसाठी थांबून राहत नाहीत. पण पोराला आपल्या पणजोबाचं नाव माहीत नसतं, दाखल्यावरची तारीख म्हणजे मुदत की काढल्याचा दिवस तेही कळत नाही. पुण्यात कॉलेजच्या खिडकीवर क्लार्क विचारतो, "नॉन-क्रिमिलेअर कधीपर्यंत चालू आहे?" तेव्हा पोरगं गावाकडं फोन लावतं. बाप व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, तोही आडवा, अर्धा अंगठ्याखाली झाकलेला.

पैशाचं तर त्याहून वाईट. शिष्यवृत्तीचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतील असं घरात सगळ्यांना वाटतं. ते पडतात आधारला जोडलेल्या खात्यात. शाळेत असताना उघडलेलं, पासबुक हरवलेलं, वर्षानुवर्षं हात न लावलेलं खातं जोडलेलं असलं, तर पैसा तिकडं जातो नाहीतर परत फिरतो. कोणती बँक जोडली आहे ते आधारच्या साइटवर फुकट दिसतं, पण त्यासाठी ओटीपी लागतो. आणि ओटीपी कुणाकडं येतो ते वर सांगितलंच. म्हणून माझं पहिलं म्हणणं एवढंच, की अठरावं लागायच्या आत लेकराच्या आधारला लेकराचाच नंबर जोडा. आधार केंद्रात जायचं, बोट ठेवायचं, किरकोळ फी भरायची, झालं. यासाठी माझ्यासारखीची गरज नाही. (हे लिहून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेय, पण असू द्या.)

दुसरी गोष्ट आईबापांना माहीतच नसते. शहरात कुणीतरी दादा भेटतो आणि म्हणतो, तुझं खातं फक्त वापरायला दे, महिन्याला दोन-तीन हजार देतो. पोराला वाटतं, फुकटचा मेसचा खर्च निघाला. त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराकडं, दादाकडं नाही. एटीएम कार्ड, सिम, पासबुक दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हे लेकराला घर सोडायच्या आधी बसवून सांगा. स्वतःचे पैसे गेले तर लगेच 1930 ला फोन करायचा, जितका उशीर तितकी ते परत मिळायची आशा कमी. कुळाचाराचा नारळ कुठं फोडायचा ते आपण लेकराला सांगतो, हे नाही सांगत.

आता डब्याकडं येते. आपल्या भागात एसटीनं डबा पाठवायची रीत जुनी आहे. आई पहाटे उठून भाकरी थापते, डब्यावर नाव टाकते, कंडक्टरच्या हाती देते, आणि शहरातल्या स्टँडवर लेकरू तो उतरवून घेतं. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या डब्यांवर कितीतरी घरांतली पहिली पिढी शिकून पुढं गेलीय. त्याची चेष्टा मला कधी सहन होत नाही. पण डब्याची गाडी पुण्यापर्यंत रोज जात नाही. पिठलं-भात, खिचडी, साधं वरण, एवढं पोराला आलं पाहिजे. कुकरच्या शिट्ट्या किती, कांदा किती, तेल किती. पोरगा स्वयंपाकघरात शिरला की आजीला वाईट वाटतं, "बाईचं काम करूलालंय लेकरू." वाटू द्या आजीला.

मुलींचं मात्र बरोब्बर उलटं आहे. त्यांना स्वयंपाक येतो, धुणं येतं, घर सांभाळता येतं. पण एकटीनं बँकेत जाऊन स्लिप भरलेली नसते, रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन केलेलं नसतं, कार्डाचा पिन भावाला पाठ असतो. माझ्या केंद्रात मुलगी सहसा एकटी येत नाही. सोबत बाप, काका, नाहीतर धाकटा भाऊ, वय वर्षं बारा. बारा वर्षांचा पोरगा अठरा वर्षांच्या बहिणीची राखण करतोय, आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसत नाही.

2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी घरांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे 2023 पासून. म्हणजे पैशाची सबब बरीच कमी झाली. तरी अठरावं लागलं की घरात फॉर्मच्या आधी बायोडेटा तयार होतो. मला वाटतं मुलीला जिल्ह्याच्या गावी एकटीला पाठवायची सवय दहावीपासूनच लावावी. एक दाखला आणायला, एक पुस्तक घ्यायला. बारावीच्या निकालानंतर एकदम "पुण्याला जाऊ दे" म्हटलं की घाबरतं ते घर. मुलगी घाबरलेली नसते.

सगळेच काही डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेले नसतात. अशा पोरांबद्दल फेसबुकवर कुणी लिहीत नाही. बारावी किंवा आयटीआय झालं की निम्मं गाव चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत. कुणाच्या तरी ओळखीनं, कंत्राटदारामार्फत. या पोरांनी एवढं तरी विचारावं, की पगाराची स्लिप मिळणार का, पीएफ कापता तर माझा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर काय, ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याचं कार्ड कधी मिळेल. पीएफ पगारातून कापला म्हणजे तो भरला, असं नसतं. पासबुक मोबाइलवर दिसतं, दर महिन्याला बघावं. कंत्राटदार बदलला म्हणून नवीन यूएएन काढायचा नाही, तोच चालू ठेवायचा. हे न कळाल्यानं पोरांचे दोन-दोन वर्षांचे पैसे अडकून पडतात, आणि मग ती सणाला गावाकडं आली की माझ्यापुढं बसतात. तोपर्यंत त्या कंत्राटदाराचा फोनही लागत नसतो.

गाडीबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलते. सोळाव्या वर्षी बुलेट हातात देणाऱ्या बापांना ठाऊक असावं, की 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठरा पूर्ण झाले की लर्निंग लायसन्स काढायचं, महिनाभरानं पक्क्याची टेस्ट. मतदार यादीचा अर्ज तर सतराव्या वर्षीच आगाऊ करून ठेवता येतो.

"अभ्यास सोडून लेकरानं हे सगळं कधी शिकायचं, ताई?" असं मला एका मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा मेच्या सुरुवातीला संपते, बारावीचे पेपर तर त्याच्या कितीतरी आधी. तिथून प्रवेशापर्यंत लेकरू घरात झोपून असतं. तेवढे दिवस पुरतात. मास्तर हसले, पण पुढं काही बोलले नाहीत.

तर यंदा दाखल्यासाठी लेकराला एकट्याला पाठवा, मुलगी असो की मुलगा. सर्व्हर सकाळी लवकर बरा चालतो, दुपारी रडवतो. मूळ कागद सोबत, झेरॉक्स वेगळ्या, मोबाइल चार्ज केलेला. सरकारी फी केंद्रात बोर्डावर लिहिलेली असते. कुणी जास्त मागितली तर पावती मागायची. माझ्याकडंसुद्धा.