दिसला का?

पक्षी बघायला माझी ना नाही. छळ असतो तो पक्षी दाखवणाऱ्याचा. "तो बघा, त्या बाभळीच्या डावीकडे, वाळकी फांदी, तिच्या जरा खाली." तळ्याकाठी बाभळी पन्नास, वाळक्या फांद्यांना गणती नाही.

फाल्गुनातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला साडूभाऊ बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या दारात उभे. "आज नाही आलात तर पाहुणे जातील निघून!" निघालेल्या पाहुण्यांना गाठायला एवढी धावपळ मी आजवर पाहिली नव्हती. परतताना सेव उसळ, एवढ्या अटीवर मी गाडीत बसलो. ही आधीच बसली होती, बहिणीशेजारी.

डभोईजवळचं वढवाणा तळं गायकवाडी अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं. २०२१ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं आणि सयाजीरावांनी काय काय करून ठेवलंय, या साडूभाऊंच्या जपमाळेत एक मणी वाढला.

"पट्टकादंब!" ते कुजबुजले. मला वाटलं गोव्याकडचं जुनं राजघराणं. निघाला हंसाच्या जातीचा. उन्हाळ्याच्या तोंडावर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जाणारा. "डोक्यावरचे दोन काळे पट्टे बघा." दुर्बिणीत मला माझ्याच पापण्या दिसत होत्या.

"दिसला का?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हटलं, "हो हो! सुरेख!"

"तोंड कुणीकडे होतं?"

"पाण्याकडे." तळ्यात याहून सुरक्षित उत्तर नाही.

वारकरी पक्षी मात्र मला दुर्बिणीशिवाय दिसले. काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, आणि एकटा म्हणून कुणी नाही, सगळी दिंडीच. मग हळदी-कुंकू बदक आलं, चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. ते हिला पहिल्या झटक्यात दिसलं, आणि दोघी बहिणी चैत्रातल्या हळदीकुंकवाला किती हरभरे भिजत घालायचे यावर गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

ऊन चढलं तसे आम्ही बांधावरून परतलो. रुईच्या झुडपावर एक नारिंगी फुलपाखरू बसलेलं. ते मी पाहिलं, मी! कुणी न दाखवता! "प्लेन टायगर!" मी ओरडलो. वाटेत पुस्तकातलं चित्र पाहिलं होतं.

साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "घाई नको. रुई खाऊन वाढतं म्हणून प्लेन टायगर विषारी, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी त्याचं सोंग घेते. मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा. तीन-चार असले तर टायगर, एकच असला तर सोंग."

मी वाकलो, श्वास रोखला. एक... दोन... आणि ते उडालं.

"किती?"

"दोन."

"दोनाचं नसतंच," म्हणत साडूभाऊंनी वही उघडली आणि माझ्यादेखत लिहिलं: 'पट्टकादंब, तोंड पाण्याकडे. साडूंची नोंद. खात्री नाही.'