‘तो शिपाई कोणत्या बॅचचा?’

रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत, सकाळी सहाला उठून डबे करायचेत, तरी लिहीत बसलेय. नाही लिहिलं तर झोप लागायची नाही.

आज संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या ठाणे चॅप्टरची कमिटी मीटिंग होती. ऑनलाइन. विषय जानेवारीचा स्नेहमेळावा. हॉल की रिसॉर्ट, माणशी किती, डीजे की ऑर्केस्ट्रा, यात पाऊण तास गेला. मग निमंत्रितांची यादी. मी वाचत होते, मामांचं नाव आलं. जरा शांतता. आणि चॅटमध्ये एक ओळ उमटली. ‘तो शिपाई कोणत्या बॅचचा?’ पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन पिवळे चेहरे. त्यावर दोघांचे अंगठे.

कोणी लिहिलं ते सांगणार नाही. इनबॉक्समध्ये येऊन विचारूही नका. चांगल्या घरातला, चांगल्या पगारातला माणूस आहे, घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहतो. मी मीटिंगमध्ये काय बोलले? काहीही नाही. ‘पुढचा मुद्दा घेऊ’ म्हणाले. त्याचाच राग जास्त आहे.

तर मामा कोण ते सांगते. सांगलीत आमच्या कॉलेजात जे शिकलेत त्यांना सांगावं लागणार नाही, पण इथे बाकीचेही आहेत.

आमच्या वेळी लायब्ररीत मुलांना कपाटापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, पुस्तकाचा नंबर लिहून, आणि उभं राहायचं. मामा चिठ्ठी घेऊन आत जायचे आणि पुस्तक घेऊन बाहेर यायचे. नंबर चुकलेला असला तरी बरोबर पुस्तक आणायचे. १९९५ साली मी शेवटच्या वर्षाला होते, केमिस्ट्री. इनऑरगॅनिकचं एक जाडजूड पुस्तक होतं, अख्ख्या कॉलेजात दोन प्रती, फक्त तिथे बसून वाचायचं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे आणि मी रडवेली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. ‘सकाळी आठच्या आत आण. साहेब यायच्या आत.’

सकाळी पाऊस. परतीचा, ऑक्टोबरचा, सांगलीकरांना माहीत आहे कसा येतो ते. सायकलच्या कॅरिअरला पिशवी, पिशवीला भोक. कॉलेजात पोचले तेव्हा पुस्तक पाव पाण्यात बुडवल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, आता यांची नोकरी जाणार. मामांनी एक शब्द बोलला नाही. स्टुलावर बसले, रद्दीतून वर्तमानपत्रं काढली, त्यांचे चौकोन फाडले आणि चार-चार पानांमध्ये एकेक चौकोन घालत गेले. मग वर तीन जाड शब्दकोश ठेवले. मला म्हणाले, ‘जा, पेपरला उशीर होईल.’ दुपारी पेपर देऊन आले तर ते सगळे कागद काढून नवे कोरडे घालत बसले होते. दिवसभर तेच.

आता सांगा, कोणत्या बॅचचा?

बरं, नियमाचं बोलू. संघाच्या नियमावलीत लिहिलंय की सभासद पदवीधर हवा, निदान कॉलेजात शिकलेला तरी. लिहिलंय, मान्य. नोंदणीकृत संस्था आहे, घटना आहे, कुठेतरी रेघ मारावी लागते, तेही मान्य. पण मी सभासद करा म्हटलंच नव्हतं. जेवायला बोलवा म्हटलं होतं. ज्या मेळाव्याला आपण नवरे, बायका, पोरं, पोरांच्या मैत्रिणी सगळ्यांना नेतो, त्या मेळाव्याला. कोणाच्या नवऱ्याची बॅच विचारली आजवर?

आणि हा पदवीधरपणाचा पुळका कधीपासून? कॉलेजला आपली आठवण कधी येते ते आपल्याला माहीत आहे. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, कमिटी यायची असली की. त्यांच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक मुद्दा असतो, मग फोन येतो, ‘मॅडम, बॅनरसकट फोटो पाठवा.’ आपण पाठवतो. गंमत सांगते, मागच्या वेळी पाठवलेल्या पाचपैकी चार फोटोंत पहिल्या रांगेत मामा बसलेत. माणसं कमी दिसत होती म्हणून आपणच त्यांना पुढे बसवलं होतं. तेव्हा चालले.

मामा ठाण्याला कसे, तर मुलगा कळव्याला राहतो. २०१८ ला निवृत्त झाले आणि इकडे आले. मला भेटले ठाणे स्टेशनात, दोन नंबरला, गर्दीत. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं. नाव आठवलं नाही त्यांना, म्हणाले, ‘तुम्ही ते भिजलेलं पुस्तक ना?’

भिजलेलं पुस्तक! बावीस-तेवीस वर्षांनी! मी तिथेच हसले आणि तिथेच रडले, लोक बघत होते. मग विचारलं, आमची पुस्तकचर्चा असते महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, पाचपाखाडीत, याल का? म्हणाले, ‘ऐकायला येतो.’

तेव्हापासून कोविडचे महिने सोडले तर त्यांनी एक रविवार चुकवलेला नाही. मेगाब्लॉकला धीम्या गाड्या जलद मार्गावर टाकल्या की कळव्याला थांबत नाहीत. अशा रविवारी हा माणूस खाडीपूल चालत ओलांडून येतो. सदुसष्ट वय. आणि आमचे विसाव्या मजल्यावरचे सभासद लिहितात, ‘सॉरी गाइज, घोडबंदरला खूप ट्रॅफिक.’ मेट्रोच्या कामाने तिथे हाल आहेत हे खरं, मीही अडकलेय, पण तरी.

ग्रुपवर आपण तीनशे चाळीस. चर्चेच्या पोलवर ‘येणार’ म्हणणारे चाळीस. येणारे अकरा. कधी नऊ. खुर्च्या मी आणि मामा लावतो. मला न विचारता ते पंचवीस लावतात. मी म्हटलं, मामा, एवढी कशाला, रिकाम्या दिसतात. म्हणाले, ‘आली तर उभी राहतील का?’

आज मीटिंगमध्ये हाही मुद्दा निघाला. पुस्तकचर्चा तीन महिन्यांतून एकदा करू, त्याऐवजी ‘नेटवर्किंग इव्हनिंग’. कारण हुरडा पार्टीला नव्वद माणसं आली, कोजागरीला एकशे दहा. आली, खरं आहे. कोजागरीच्या शिलकीतूनच वर्षभराचं हॉलचं भाडं निघतं, हे खजिनदारांनी तीनदा ऐकवलं, आणि ते खोटं नाही. मला मसाला दूध आवडतं. मी स्वतः आटवलंय, उपवनला, बारा लिटर. येऊरच्या पावसाळी फेरीलाही मी सगळ्यात पुढे असते. पण ज्या ठाण्यात १८९३ साली, गावात वीज नसताना, लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, त्या ठाण्यात आपल्याला महिन्याला दोन तास जड होतात? हे मी बोलून दाखवायला हवं होतं. आता सुचतंय.

आणि चर्चेत होतं काय, हे न येणाऱ्यांना माहीत नाही म्हणून मागच्या महिन्याचं सांगते. पुस्तक होतं ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळात रिकामी होणारी वाडी. आम्ही अकरा जण. एकीने प्रतिमा सांगितल्या, एकाने ग्रामीण कादंबरीतलं स्थान. मी रिकाम्या वाडीवर बोलले, बरंच बोलले, एका जागी तर आवाज दाटूनही आला माझा. मामा नेहमी शेवटच्या खुर्चीत. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, खूण म्हणून टीएमटी बसचं तिकीट. म्हटलं, मामा, तुम्ही काही बोलता?

ते उभे राहिले. बसा म्हटलं तरी उभेच. म्हणाले, ‘आमचं गाव तिकडलंच, आटपाडीकडं. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा. आमीबी गाव सोडलं. खडी फोडली, सुकडी खाल्ली. वाडी संपली संपली म्हणत्याय तुमी, पण तसं नसतंय. पाऊस झाला की माघारी येत्यात माणसं. आमी आलोच की.’ मग थोडं थांबून, ‘मला शेवटापेक्षा ते आवडलं. शाळा बंद पडल्याली, पोरं मेंढरामागं, कोण येणार शाळंला? आन् मास्तर रोज जाऊन बसतो.’

बसले. पुढे कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं, चहा काढला.

त्या दिवशीचा हॉलचा वाटा होता माणशी शंभर. मामा दर वेळी आधी देतात, घडी घातलेली नोट, डब्यात. मी दोनदा नको म्हटलं, तर तिसऱ्यांदा नोट डब्यात टाकूनच मग माझ्याशी बोलले. आता ज्यांनी ते हसरे चेहरे टाकले त्यांनी मागच्या वर्षीची वर्गणी भरलेली नाही, हे मी इथे लिहिणार नव्हते. लिहिलं.

आणि कोणत्या बॅचचा म्हणून विचारता ना? मग घ्या हिशेब. १९८१ ला लागले, २०१८ ला सुटले. सदतीस वर्षं. तुमच्या-माझ्या वाट्याला ते कॉलेज तीन वर्षं आलं, त्यातही अर्धा वेळ आपण कँटीनला. आपल्यातल्या प्रत्येकाच्या बॅचचे ते आहेत. तीनशे चाळीस जणांत असा दुसरा दाखवा.

हे लिहून पाणी प्यायला उठले. आणि वाटलं, आता एक आकडा पण टाकू, पाच-सहा वर्षांत मामा किती चर्चांना आले तो, म्हणजे तोंडं बंद होतील. म्हणून हजेरीचं रजिस्टर काढलं. ते माझ्याकडेच असतं, सचिव म्हणून. रकाने मीच आखलेत. नाव, बॅच, सही.

प्रत्येक पानावर मामांच्या ओळीत, बॅचच्या रकान्यात, माझ्या अक्षरात लिहिलंय ‘पाहुणे’.

दर महिन्याला. मीच. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची सही त्याच्या पुढे, सावकाश काढलेली, पूर्ण नावाची, आडनावासकट. आणि नावाच्या रकान्यात मी काय लिहिलंय, तर ‘मामा’. खुर्च्या लावणाऱ्या माणसाला मी ‘पाहुणे’ म्हणतेय. त्याने ते रजिस्टर दर वेळी वाचून सही केली असणार, त्याला वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही.

मघाशी जे लिहिलं ते सगळं खोडावं असं वाटलं. खोडत नाही, कारण चॅटमधली ती ओळ घाण होती ती होतीच. पण त्याने एकदा विचारलं, मी दर महिन्याला लिहिलं, हेही आहे. कदाचित म्हणूनच मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. कोण जाणे. आता रागही नीट येत नाहीये.

ते भिजलेलं पुस्तक नंतर मी पाहिलं होतं. निकाल घ्यायला गेले तेव्हा, मुद्दाम चिठ्ठी टाकून मागवलं. वाळलं होतं, पण फुगलेलं, पोट सुटल्यासारखं, कपाटात दोन पुस्तकांची जागा खाणारं. काही पानांवर वर्तमानपत्राची शाई उलटी उमटली होती, कुठल्यातरी बाजारभावाच्या रकान्याची. दंड लागला नव्हता. कसा लागला नाही ते मी विचारलं नाही, आणि आता सहा वर्षं शेजारी बसून चहा पितोय तरी विचारलेलं नाही.

असो. मेळाव्याचं असं, की यादीत मामांचं नाव राहील. माणशी जे ठरेल ते मी भरते, तो प्रश्न नाही. ज्यांना अडचण आहे त्यांनी मला फोन करावा, चॅट नको. पुस्तकचर्चा दर महिन्यालाच होईल, मी सचिव आहे तोवर. पोल टाकणार नाही यापुढे. यायचं त्याने यावं, खुर्च्या पंचवीस असतील.

रजिस्टरचं काय करायचं ते कळत नाहीये. पांढरी शाई लावून सगळीकडे बदललं तर ते त्यांना दिसेल. नाही बदललं तर आहेच. बहुतेक नवीन रजिस्टर आणेन, गोखले रोडवरून, आणि बॅचचा रकानाच आखणार नाही. नाव, सही, बस्स.

ता. क. : या रविवारी चर्चा आहे, संध्याकाळी पाच, नेहमीची जागा. मामा फेसबुकवर नाहीत, तेव्हा कोणी त्यांना हे वाचून दाखवू नका, कृपा करून. आणि मेगाब्लॉक आहे. कळव्याहून किंवा खारेगावकडून कोणी गाडी घेऊन येत असेल तर मला आधी सांगा.